बेबाबाई पिठाला हात लावेना

माझी लेक हेमलता दोंडाईच्याला दिली आहे. तिची सासू बेबाबाई मला इहीनबाई म्हणते, मीही तिला तेच म्हणते. श्रावणात हेमलताला तान्ह्या बाळासकट पोहोचवायला साक्रीहून गेले, तर त्यांच्याकडे आमच्या खानदेशची देवी, कानबाई, बसायची होती. बेबाबाईने मला ठेवून घेतलं.

"राहा, पन रोट तुले भेटाऊ नही," ती म्हणाली. "ते भाऊबंदकीले. तू नुसता वास ले."

"माले नकोच. तुना हातना रोट कच्चाच ऱ्हास."

रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, पीठ दरवर्षी बेबाबाईच मळायची, सुनांना जवळ येऊ द्यायची नाही. यंदा मात्र ती उंबऱ्याबाहेर बसून नुसती सांगत होती. मनगट दुखतं म्हणे. सकाळी त्याच मनगटाने तिने हापसा मारलेला मी पाहिला होता. दिवा लावायलाही तिने थोरल्या सुनेला, ममताला, पुढे केलं.

बाई देवीपासून अशी लांब कधी बसते, ते आम्हा बायकांना सांगावं लागत नाही. पण बेबाबाईची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती.

मी तिला गोठ्यात गाठलं. "तुले काय व्हयनं, खरं सांग."

ती आधी म्हशीकडे बघत राहिली. "परत सुरू व्हयनी व. या वयात. कोनले सांगू नको, लोके हसतीन."

साक्रीच्या शिबिरात नर्सबाईंनी सांगितलं होतं, गेलेली पाळी परत येत नसते. असं रक्त गेलं तर पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर असू शकतो. लवकर दाखवलं तर बरा होतो. मी तिला सगळं सांगितलं.

"आनि तेच निंघनं तर?"

"तर लवकर निंघनं म्हनू."

"कापूस निंदाले उना शे. दिवाळीनंतर जासू."

तेव्हा मी तिच्यासमोर खाली बसले. "हेमलताच्या लग्नात मानाच्या साडीचा रंग आवडला नाही म्हणून तू मांडवात रुसून बसली होतीस. आम्ही सगळे तुझ्या पाया पडलो. पोरीची आई मान मागत नसते, पण मी आज मागते. माले साडी नको. धुयाले दवाखानामा चाल."

पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "रंग खरंच वाईट व्हता."

सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर गेली, मंगळवारी आम्ही एसटीत बसलो. धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. कॅन्सरच होता, पण नुकताच धरलेला. ऑपरेशन झालं. मी उशाशी राहिले. जेवणाला नावं ठेवत ती रोज थोडी थोडी बरी होत गेली.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळं निघालंय. तपासणीला मात्र येत राहायचं."

"मी येसू," बेबाबाई म्हणाली. "पन मन्ह्या दोन सुना शेतस, त्यासले तपासाले कधी आनू? आनि नात शे भाविका, चौदा वरीसनी. हा कॅन्सर व्हवाले नको म्हनीसन सुई निंघनी म्हनतस पोरीसले, ती इठे भेटी का?"

"आणा तिघींना," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण पुढे वाकली. "कसानी सुई, अक्का?"

बेबाबाईने पाय आखडून तिला खाटेवर जागा केली. "बस," ती म्हणाली. "सांगस."