चौदा नंबरची दोन मिनिटं

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या त्या प्रयोगशाळेत दोन नियम होते. उंदराला नाव द्यायचं नाही, आणि प्रयोगाआधी आठवडाभर प्रत्येकाला रोज दोनच मिनिटं हातात घ्यायचं, म्हणजे त्याची माणसाची भीती जाते. पहिला नियम तिथली मदतनीस ग्लेनिस हिने पाळला. दुसरा काही जमला नाही. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी पर्थला, तिचा फोन रविवारी, तोही भांडी घासता घासता. मग चौदा नंबरच्या उंदराला मांडीवर घेऊन ती सँडविच खायची, त्याच्या पोटाला गुदगुल्या करायची. कुणाचं काय बिघडत होतं?

बिघडलं ते प्रयोगाच्या दिवशी. बाकीचे उंदीर सोडताच थेट साखरपाण्याकडे धावले. चौदा नंबर अर्ध्यातून परत फिरला आणि ग्लेनिसच्या हातमोज्यावर नाक घासू लागला.

"याला साखर नकोय, तू हवीस!" डॉक्टर मिरेला म्हणाली. "खरं सांग, किती लाड केलेस?"

ग्लेनिसने सगळं सांगून टाकलं.

"शाबास! हा बाद."

बाद म्हणजे पाच वाजता गॅस देऊन मारणं, हे तिला ठाऊक होतं.

"त्याचा काय दोष गं, मिरेला?"

"दोष तुझाच. पण जाता जाता एक बघू. मेंदू स्वतःची अफू बनवतो, गोड वाटतं ते तिच्यामुळे. ती अडवणारी सुई दे याला. तुझा लळाही तिच्यामुळेच असेल, तर तो येणार नाही."

सुई ग्लेनिसनेच टोचली. पाव तासाने सोडल्यावर चौदा नंबरने साखरपाणी दोनदा चाटलं, तिचा हात हुंगला आणि पाठ फिरवून कोपऱ्यात बसला. औषधाचा परिणाम आहे, हे तिला कळत होतं. तरी मनाला लागायचं ते लागलंच.

"बघितलंस?" मिरेला खुशीत होती. "म्हणजे तुझ्यापाशी त्याला खरंच बरं वाटत होतं."

असं ग्लेनिसला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तेही तो पाठ फिरवून बसल्यावर.

मिरेला चहाला गेली. औषध तासाभरात उतरतं. ग्लेनिस हातमोजा काढून, पिंजऱ्यात हात ठेवून बसून राहिली. बोटं बधिर झाली, बस चुकली. पाचला दहा कमी असताना तिच्या तळव्यावर ऊब आली.

दार उघडलं. "ग्लेनिस, आण त्याला."

"पाच मिनिटं थांब ना," ती म्हणाली. "आत्ताच आलाय तो."