चार नंबरची टाकी

"मामा, चार नंबरमध्ये काय घातलंत?" मॅडमनी विचारलं तेव्हा प्रयोगशाळेचे मामा जाळी धूत होते.

चार नंबर ही शुद्ध पाण्याची टाकी. बाकीच्या टाक्यांत सांडपाणी मिसळलेलं. त्यातली काही रसायनं माशांच्या शरीरात मादीच्या संप्रेरकाचं सोंग घेतात आणि मग नराच्या रक्तातही अंड्यातल्या बलकाचं प्रथिन उतरू लागतं. ते नेमकं पकडणारी चाचणी मॅडम सहा वर्षं घडवत होत्या. आता ते प्रथिन चार नंबरच्या नरांतही निघालं होतं. म्हणजे चाचणीच खोटी. पुढच्या महिन्यात समिती येणार होती आणि काम गुंडाळायला तिला एवढं निमित्त पुरे होतं.

मामांनी काही नाही म्हणून सांगितलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तीस वर्षं माशांचं करणारा माणूस, त्यात चार नंबरवर जरा जास्तच जीव. बायको म्हणायची, सवत परवडली असती, पण हे मासे नकोत.

दुपारी डबा उघडला आणि घास हातातच राहिला. दीड महिन्यापूर्वी चार नंबरची पाणी आणणारी काचेची नळी तडकली होती. नवीन यायला वेळ, आणि तोवर माशांचे हाल. म्हणून मामांनी घरची प्लास्टिकची नळी चांगली उकळून जोडली आणि पुढे ती तशीच राहून गेली. प्लास्टिकमधूनही तसलीच रसायनं पाण्यात उतरतात, म्हणून नळ्या फक्त काचेच्या किंवा स्टीलच्या, हा नियम भिंतीवर त्यांनीच रंगवला होता. पण लाडक्या लेकराला कसले आलेत नियम? नोंदवहीत अक्षर नव्हतं.

निवृत्ती महिन्यावर आली होती. गुपचूप नळी बदलली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. मामांना तो मोह झालाही. मग त्यांनी डबा झाकला, नळी काढली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"मीच जोडली होती."

मॅडमनी शुद्ध पाण्याच्या दोन नव्या टाक्या मांडून त्यांत नर मासे सोडले. एकीला तीच नळी लावली, दुसरीला काचेची. तीन आठवड्यांनी निकाल आला. प्लास्टिकच्या नळीच्या टाकीत प्रथिन होतं, दुसरीत नव्हतं.

"चाचणी खरी आहे, मामा," त्या म्हणाल्या. "तिनं तुम्हाला पकडलं."

"मग तसंच लिहा अहवालात. चूक माझी होती म्हणून."

चार नंबरचे मासे आता कशाच्याच उपयोगाचे नव्हते. ते मारून टाकायचे होते. दुसऱ्या कुणाला सांगते, असं मॅडम म्हणाल्या. मामांनी नको म्हणून मान हलवली आणि जाळी घेतली.

त्यांचा हात पाण्यावर आला तसे बत्तीसच्या बत्तीस मासे, रोजच्यासारखे, खाणं घ्यायला वर आले.