गेरहार्टमामाने वाचलेलं पाऊल

या, मायबापहो, जवळ सरकून बसा. देवाच्या काळ्या पाखरांची एक गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा, पण पुरती ऐका.

ऑस्ट्रेलियाच्या पोटात, लाल वाळूतल्या अरेर्न्ते आदिवासींच्या एका वस्तीत गेरहार्टमामासारखा माग काढणारा दुसरा नव्हता. वाळूवरची खूण बघून तो सांगे, गाय तहानलेली आहे की भ्यालेली. चर्चच्या भजनमंडळात खर्जही त्याचाच.

त्या वर्षी मोठ्या कावळ्यांच्या जोडीने थिओडोरामामीच्या कोंबडीची पिल्लं पळवली. चर्चमागच्या निलगिरीवर तर कावळ्यांची घरटीच घरटी! मामा झाडाखाली गेला, इवली पावलं पाहिली आणि निकाल देऊन मोकळा झाला.

"त्याच चोरांची पोरं ही. पुढल्या वर्षी बापाएवढी होतील. रविवारची भजनं झाली की झाड पाडायचं."

त्याची भाची राहेल वनरक्षक होती. ही त्या चोरांची पोरं नव्हेत हे तिने ओळखलं होतं, आणि घरट्यांत पिल्लं होती. तिचा जीव कासावीस झाला. पण आईच्या भावाला तोंडावर 'चुकलात' म्हणायची तिथे रीत नाही. ती शेजारी जाऊन वाळूत बसली.

"मामा, नळाच्या चिखलातली पावलं वाचून दाखवा ना."

"पाणी प्यायला येतात, दुसरं काय?"

"आणि चोचीचे खड्डे?"

मामा वाकला. "चिखल उचललाय. घेऊन कुठे जातात हे?"

राहेलने नुसती झाडाकडे मान वर केली. मामाने आयुष्यात पहिल्यांदा माग वर, आभाळात काढला. एक पाखरू चिखल घेऊन घरट्याला आतून लिंपत होतं. शेजारच्या फांदीवर दुसरं आपल्या पिल्लांच्या चोचीत किडा भरवत होतं.

"पोरांना पोरं कधी झाली?" मामा पुटपुटला.

इतक्यात घार आली. सगळ्या घरट्यांतून एकदम कल्ला उठला आणि अख्खी आळी तिच्यामागे लागली. मोठा कावळा चिखलाला शिवत नाही, आणि आपल्या झाडावर दुसरी जोडी तर मुळीच खपवून घेत नाही, हे मामाला पक्कं ठाऊक होतं.

"ही जातच लहान आहे. शेजारधर्माने राहणारी," तो हळूच म्हणाला. "तुला माहीत होतं ना, लबाडे?"

"मी फक्त विचारलं, मामा."

मामी दारातून ओरडली, "जन्मभर खाली बघत चाललात, आज मान दुखेल हो!"

रविवारी भजनं संपली. करवत घेऊन माणसं बाहेर उभी होती. मामा सर्वांसमोर उठला आणि खर्जातल्या त्या भरदार आवाजात म्हणाला, "पाऊल मी बरोबर वाचलं, पाखरू चुकीचं. माझ्या भाचीने मला ते दाखवलं. झाडाला कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरात आता दोन माग काढणारे आहेत!"

राहेलने मान खाली घातली, पण तिचं ऊर भरून आलं होतं. वरच्या फांद्यांत ती चिमुकली जमात आपल्या सानुनासिक सुरात गलका करत होती.

मायबापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा भरल्या सभेत भाचीला आपल्या बरोबरीने उभं करणाऱ्या गेरहार्टमामाची आठवण असू द्या.