डोळ्यांतलं पांढरं

पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक केलेलं होतं. एक बाजू बोथट झाली की ती मुलगी नुसती उलटी करून घ्यायची – भांडुपच्या या चाळीत भरपूर लोक घाबरलेले असणार, हे तिनं घरूनच गृहीत धरलं असावं, असं मार्तंडला वाटलं.

मृणालिनी तिचं नाव. कॉलेजातून आली होती. काविळीची साथ होती त्या त्या वस्तीत जाऊन लोकांची भीती मोजत होती. ती प्रश्न वाचायची, उत्तरं चारच – कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, सतत.

"आजाराच्या विचारानं झोप लागत नाही?"

"कधीच नाही."

"छातीत धडधडतं?"

"कधीच नाही."

"काका, सगळ्यालाच कधीच नाही?"

"मग नापास करा मला."

भीती कसली? पाणी तो स्वतः उकळायचा. लेकीला, मालनला, ऑफिसात डबा घरचा, पाणी घरचं. आणि रोज सकाळी तिला गॅलरीत उजेडाला उभं करून, अंगठ्यानं खालची पापणी ओढून डोळ्यांतलं पांढरं बघायचा... पांढरंच असायचं, मग दिवस सुरू व्हायचा. ही काळजी झाली. बायको, रत्नप्रभा, याच काविळीनं गेली, गणपतीच्या आधी. घरात उरली ही एकच पोर – तिला बघायचं नाही तर करायचं काय?

"आता मालनला विचारते. प्रत्येकाला एकटंच विचारायचं असतं."

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. दाराला नुसता पडदा. आधी दोघी कशाला तरी हसल्या. मग मालन म्हणाली, "सतत."

"आजाराची भीती?"

"नाही गं. बाबांची... म्हणजे मारत-बिरत नाहीत. सकाळी डोळे बघतात ना, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत असते. आज तोंड बदललं तर? तेवढा वेळ श्वासच घेत नाही मी."

"त्यांना सांगितलंस?"

"काय सांगू? आई गेल्यापासून तेवढंच तर करतायत ते."

त्यानं कठडा धरला. दाढी करताना रोज दिसणारं तोंड त्याला माहीत होतं, पण ते – बघतानाचं – त्यानं कधी पाहिलं नव्हतं. रत्नप्रभानं पाहिलं होतं. इथंच उभी होती ती... बघा हो, पिवळे दिसतायत का... आणि त्यानं सांगायच्या आधीच, त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, कळलं. पदरानं तोंड पुसून आत भात बघायला गेली. काय दिसलं असेल तिला?

"येते काका," म्हणून मृणालिनी जिना उतरली. तिला हाक मारावी, उत्तर बदलून घ्यावं... पण कुठल्या प्रश्नाचं?

मालन बाहेर आली. "काय बाबा, झाली परीक्षा? घाबरता की नाही?"

तो खाली रस्त्याकडे बघत राहिला. उद्या बघितलं तर ती श्वास धरणार. नाही बघितलं तर विचारणार, आज का नाही... आणि तेव्हाही श्वास धरूनच बसणार.

"बाबा?" आता ती हसत नव्हती. "इकडे बघा ना. काय झालं?"

तो वळला. वळता वळता त्याला स्वतःचं तोंड जाणवलं – कपाळ, गाल, दाताखाली आलेला ओठ – कुणीतरी काठोकाठ भरून हातात दिलेल्या भांड्यासारखं, हललं तर सांडेल असं.