बाप असलेल्या पोराचे केस

सदुसष्ट साली आमच्या गोराईत एक होडी उलटली आणि महिन्याभरात लवूच्या डोक्याला चाई लागली. आधी कानामागे रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली, मग मानेवर, मग टाळूवर. उपाय सांगायला आमचं गाव मोठं हुशार. कुणी म्हणालं कांदा चोळ, कुणी म्हणालं गुंज उगाळून लाव. किडा केस खातो म्हणे! दहा वर्षांच्या पोराला काय खात होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

त्या होडीत लवूही होता. त्याचा बाप अनंता त्याच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेला. लवूला दुसऱ्या होडीने उचललं. प्रेत काही मिळालं नाही. किनाऱ्यावर त्याच्या आईने, द्रौपदीने, पोराला गदागदा हलवून विचारलं, "बा येल ना रं?" घाबरून तो "येल" म्हणाला. झालं! तेव्हापासून ती कपाळभर कुंकू लावून रोज संध्याकाळी त्याला बंदरावर नेई आणि तेच विचारी. तो "येल" म्हणे. सकाळी उशीवर केसांचा पुंजका असे. मला तिचा राग येई, आणि कीवही.

शेजारीण म्हणून मीच दोघांना बोरीवलीच्या डॉक्टरांकडे नेलं.

"किडा-बिडा काही नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "याच्या मनाला काही लागलंय का?"

"नाय," द्रौपदी म्हणाली.

"मग हे औषध लावा. पण आधी डोकं साफ करून घ्या."

ती ताडकन उठली. "बाप असलेल्या पोराचं डोकं भादरत नाय आमच्यात!"

आठवड्याभरात निम्मं डोकं उघडं पडलं. नाना न्हावी आळीत आला, तेव्हा लवू आपण होऊन त्याच्यापुढे पाटावर जाऊन बसला. द्रौपदी धावत आली आणि त्याचा दंड धरून ओढू लागली.

"राहू दे, आये," तो म्हणाला. "बा नाय येनार. मी बगितला त्याला बुडताना. खोटं बोललो मी."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग तिथेच मातीत बसली आणि त्याच गालावरून हात फिरवत राहिली. आम्हा बायकांना पुढे व्हायचा धीर होईना.

"काढ," शेवटी ती नानाला म्हणाली.

बापाच्या मागे केस उतरवताना शेंडी राखतात. म्हणून नानाने हळूच विचारलं, "औषधासाठी, की..."

"बापासाठी. शेंडी ठेव."

नानाने वस्तरा खाली घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. शेंडीच्या जागी एकही केस उरला नव्हता.