जोडीतली उरलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण कपडे वाळत घालायची नव्हे हं! मैसूरच्या अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीतल्या या घरात चार वर्षं माझ्याकडून तेच काम करून घेतलं, म्हणून आधीच सांगते. मी बर्फावर स्कीइंग करणाऱ्याच्या हातातली काठी आहे. आणि आम्ही दोघी होतो.

आमचा जन्म जपानमधला. अंग ॲल्युमिनियमचं, टोक पोलादी, बर्फात रुतू नये म्हणून खाली चकती. या घरातला दिलीप नोकरीसाठी तिकडे आला आणि त्याने आम्हाला विकत घेतलं. सुट्टी लागली, की आम्ही एका ज्वालामुखीच्या उतारावर जायचो. अहाहा, काय तो बर्फ! जानेवारीत तांदळाच्या पिठासारखा कोरडा, मार्चमध्ये वरून कडक आणि आतून भुसभुशीत. डावीकडे बहीण टेकायची, उजवीकडे मी, आणि पुढचा उतार कसा आहे ते दिलीपला हातातच कळायचं.

शिखराजवळ मात्र जमीन गरम होती. वाफ बर्फाला खालून पोखरायची आणि वरून सगळं सपाट दिसायचं. एकदा दिलीप तिथे पुढे सरकणार, इतक्यात बहिणीचं टोक आत गेलं. बर्फ खचला, तिचा पट्टा दिलीपच्या हातातून सुटला आणि ती खाली गेली. दिलीप वाचला. ती खडकावर आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग मैसूर. इथे बर्फ फक्त फ्रीजमध्ये! आधी कौतुक झालं, शेजारच्या श्रीनिधीने माझ्यासोबत फोटोही काढला. पुढे मी गच्चीवर गेले, ओल्या टॉवेलांखाली. आणि गेल्या आठवड्यात दिलीप म्हणाला, "एकटी काठी काय कामाची? भंगारात देऊन टाकतो."



"अय्यो, बेडा, नको! सुम्ने, उगाच कशाला टाकतोस?" त्याची आई जयवंतीबाई म्हणाल्या. "मला दे ती. मला बेट्टदपुरच्या देवळाचा डोंगर चढायचाय."

"आई, तुझा गुडघा!"

"दरवर्षी तुझे अण्णा आणि मी चढत होतो ना रे? ते गेल्यापासून दोन वर्षं मी गेलेच नाही. देवाला काय सांगू, एकटी आहे म्हणून आले नाही?"

दिलीपने भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. रविवारी तो आम्हाला घेऊन निघाला.

लांबून डोंगर दिसला आणि मी फसले. त्या ज्वालामुखीसारखाच निमुळता माथा, वर पांढरं! मला वाटलं, बर्फच. जवळ गेल्यावर कळलं, ढग होता. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पायऱ्या सुरू झाल्या. अर्ध्यावर एक दगड वरून अगदी धड दिसत होता. मी टेकले, तर खाली पोकळ! मी डगमगले, तशा जयवंतीबाई थांबल्या. दिलीपने पायाने ढकललं, तर दगड गडगडत खाली गेला.

"तुला कसं कळलं, आई?"

"हिने सांगितलं," त्या मला थोपटत म्हणाल्या.

दुपार झाली, पण आम्ही पोचलो. देवळाच्या पायरीवर त्या टेकल्या. दिलीप त्यांच्या डावीकडे बसायला गेला.

"तिथे नको रे. तिथे तुझे अण्णा बसायचे."

तो उजवीकडे बसला. मग जयवंतीबाईंनी डावीकडच्या त्या जागेवर मला हळूच ठेवलं.

मित्रांनो, जोडीतलं एक गेलं, म्हणून उरलेल्याला भंगारात काढू नका. त्याला चालायला न्या. आणि कधी त्या ज्वालामुखीवर गेलात, तर बर्फ वितळल्यावर खडकांमध्ये जरा बघा. माझी बहीण दिसली तर तिला सांगा, मी अजून चालते आहे, पण डावीकडची जागा तिचीच आहे.