कर्नलचा पुजारी

उल्हासनगरच्या एका बागेत मिलिटरीच्या काळातली काँक्रीटची एक खोली आहे. छप्पर शाबूत, दार गायब. दुसऱ्या महायुद्धात इथे इंग्रजांची छावणी पडली, तेव्हा शेतं गेली. पुढे फौजही गेली, निर्वासित आले, शहर झालं. ज्यांची शेतं गेली त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. खोलीबद्दल थापा मात्र ढीगभर. म्हणे आतून अंबरनाथच्या देवळापर्यंत भुयार आहे, म्हणे गोरा साहेब अजून परेड घेतो.

बुधाजीला ठाऊक होतं एवढंच, की खोलीच्या कोपऱ्यातला शेंदूर लावलेला दगड त्याच्या आजाच्या शेताचा राखणदार. फौजेनेसुद्धा तो हलवला नव्हता, भोवतीच खोली बांधली होती. शेत गेलं तरी बुधाजी दर वर्षी त्याला नारळ द्यायचा.

आता खोली पाडून तिथे सेल्फी पॉइंट होणार होता. ठेकेदाराचा माणूस विक्रांत जेसीबी घेऊन आला. बुधाजीने हात जोडले.

"आमचे शेताचा देव हाय, दादा. नको तोडू."

"कागद आहे का काका?"

घ्या! शेत घेताना कागद लागला नाही, दगड ठेवायला लागतो.

तेवढ्यात बुधाजीची बायको सखू पुढे झाली. "कसला देव? आत गोरा कर्नल हाय. मागं एकानं मशीन लावली, तो माणूस अजून बारवी धरणाच्या रानात इंग्रजी बोलत फिरतोय."

जेसीबीवाला रघू खाली उतरला. नारळ फोडल्याशिवाय तो कुठेच मशीन लावत नसे. पण गोऱ्याला नारळ चालतो का?

"मान चुकला तर मशीन माझीच उलटणार ना, शेठ? ही घ्या चावी. तुम्हीच चालवा."

विक्रांतने चावीला हात लावला नाही. त्याने इंजिनिअरला फोन लावला. "सर, हेरिटेज निघालं."

खोली वाचली. पण महिन्याभरात दगडापुढे कर्नलला वाहिलेल्या सिगारेटी जमल्या. कोणीतरी त्याला हॅटही घातली. बुधाजी भडकला.

"माझे देवाला टोपी?"

"टोपी घालायला डोकं तरी राहिलं ना त्याचं?" सखू म्हणाली. "आता थोडं इंग्रजी शिका तुम्ही."

बुधाजी धुसफुसत नारळ फोडायला बसला. फोटो काढणारं एक जोडपं आत डोकावलं.

"अंकल, कर्नलसाब के पुजारी आप ही हो क्या?"

बुधाजीच्या ओठांवर शिवी आली होती. त्याने दगडाकडे पाहिलं.

"हां. चप्पल बाहेर निकालो पहिले."